कृत्रिम डोळा बसवण्याबद्दल माहिती हवी आहे (ठाणे / नवी मुंबई)

किसननगर_ठाणे
नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडरवर काम करायचा. होळीच्या आधी लोखंडाचा कण उजव्या डोळ्यात घुसला. मालकाने गॉगल दिलेलाच नव्हता. ऑपरेशनं झाली, पण नजर वाचली नाही. आता तो डोळा आक्रसत चाललाय, सतत लाल असतो आणि रात्री ठणकतो. डॉक्टर म्हणतात, डोळा काढून टाकू आणि मग कृत्रिम डोळा बसवू.

घरात तेव्हापासून नुसता गोंधळ आहे. आईला वाटतंय, नवा डोळा बसवला की परत दिसायला लागेल. मावशी विचारते, काचेचा डोळा आत फुटला तर? काका म्हणतात, एवढं नेत्रदान होतं, त्यातला एक डोळा का नाही मिळत? आणि भाऊ काहीच बोलत नाही. भिंतीकडे तोंड करून पडून असतो.

ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सांगा. किती दिवस लागतात, कुठे करून घ्यावा, नंतर काय काळजी घ्यावी लागते, आणि लोकांना तो ओळखू येतो का?

नौपाडा_काकू
बाळा, आमच्या ह्यांना खूप वर्षांपासून कृत्रिम डोळा आहे, म्हणून आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर देते. त्या डोळ्याने दिसत नाही. हे तिला आजच सांग, ऑपरेशननंतर नको. आशा लावून बसली आणि पट्टी सोडल्यावर कळलं, तर तिला दुसऱ्यांदा धक्का बसेल.

ओळखू येतो का म्हणशील, तर आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांना अजून माहीत नाही. नीट बनवलेला असला तर तो डोळा हलतो, पापणी मिटते, डोळ्यातून पाणीही येतं. एकदम कोपऱ्यात बघताना थोडा मागे राहतो, इतकंच. तेव्हा हे मानच वळवतात.

वाशी_ऑप्टोम
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा. कृत्रिम डोळे बनवणाऱ्यांबरोबर काही वर्षं काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी नेत्रदानाचं. दान केलेल्या डोळ्यातला प्रामुख्याने कॉर्निया, म्हणजे समोरचा पारदर्शक पडदा, दुसऱ्याला बसवतात. अख्खा डोळा बसवून दृष्टी देता येत नाही, कारण डोळ्याला मेंदूशी जोडणारी नस एकदा तुटली की ती परत जोडण्याचा उपाय आजही नाही. 2023 मध्ये न्यूयॉर्कला एका माणसाला चेहऱ्याबरोबर अख्खा डोळाही बसवला. डोळा जिवंत राहिला, रक्तपुरवठा सुरू राहिला, पण नजर आली नाही. काकांना हे सांगा. ठाण्यात मिळत नाही आणि परदेशात मिळतं अशातला हा भाग नाही, म्हणजे त्यांच्या मनाला रुखरुख राहणार नाही.

आता ऑपरेशन. ते साधारण दोन प्रकारे करतात. एकात डोळ्याच्या आतलं सगळं काढतात आणि बाहेरचं पांढरं कवच तसंच ठेवतात. दुसऱ्यात अख्खा गोळा काढतात. कोणतं करायचं ते डोळ्याची अवस्था बघून सर्जन ठरवतात. दोन्हींत आत एक गोल बॉल बसवतात, मोठ्या माणसात साधारण 18 ते 22 मिलिमीटर व्यासाचा. डोळा हलवणारे स्नायू या बॉलभोवती राहतात किंवा त्याला जोडले जातात. काकूंनी लिहिलंय ना, की डोळा हलतो, ती हालचाल इथून येते. म्हणून ऑपरेशनच्या आधी सर्जनना स्पष्ट विचारा की बॉल बसवणार का आणि कोणत्या मापाचा. बॉल बसवला नाही किंवा लहान पडला तर डोळा आत गेल्यासारखा दिसतो आणि वरच्या पापणीखाली खड्डा पडतो. मग तो भरून काढायला कृत्रिम डोळा जाड करावा लागतो. जाड डोळा जड होतो आणि त्याच्या वजनाने खालची पापणी ओघळते.

टाके घातल्यावर पापणीखाली प्लॅस्टिकची एक पारदर्शक चकती ठेवतात. तिला कन्फॉर्मर म्हणतात. तिने खोबणीचा आकार टिकतो. ती घरी निघून आली तर घाबरू नका, पण 'उद्या बघू' असंही करू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. सूज पूर्ण उतरायला सहा ते आठ आठवडे जातात आणि डोळ्याचं माप त्यानंतर घेतात. घाईने घेतलेलं माप पुढे सैल पडतं.

बाहेर दिसतो तो कृत्रिम डोळा म्हणजे गोटी नाही, ही बहुतेकांची गैरसमजूत आहे. तो शिंपल्यासारखा वाकलेला पातळ तुकडा असतो आणि त्या बॉलवरच्या त्वचेवर, पापण्यांच्या आत बसतो. तो काढता-घालता येतो. बॉल मात्र आत कायमचा राहतो.

दिवा_लोकल
एवढं सगळं कशाला? माझ्या ओळखीच्या एकाने चष्म्याच्या दुकानातून तयार डोळा घेतला. पेटीत वीस-पंचवीस ठेवलेले होते, रंग जुळवला आणि अर्ध्या तासात घालून घरी आला. पैसेही कमी लागले. गरीब माणसाला हेच परवडतं.

वाशी_ऑप्टोम
दिवा_लोकल, पैशाचा मुद्दा खरा आहे आणि तो मी उडवून लावणार नाही. काहीच न घालण्यापेक्षा तयार डोळा नक्कीच बरा, कारण खोबण बराच काळ रिकामी राहिली तर ती आकसते आणि मग डोळा बसतच नाही. पण तयार डोळा कोणा एकाच्या खोबणीसाठी केलेला नसतो. त्याच्या मागे फट राहते, तिथे पाणी आणि चिकटा साचतो, आणि मग रोज सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. कुठे कडा घासते तिथे जखम होते. हालचालही कमी मिळते, कारण मागची बाजू आतल्या बॉलला धरून बसत नाही.

मापाचा डोळा महाग पडतो, तरी काटकसर करायचीच असेल तर ती इथे करू नये असं माझं मत आहे. हा मुलगा अजून पन्नास वर्षं हा डोळा घालणार आहे. सरकारी आणि ट्रस्टच्या रुग्णालयांतल्या समाजसेवा विभागात जाऊन आधी विचारा. शिवाय डेंटल कॉलेजांच्या प्रोस्थोडॉन्टिक्स (कवळ्या, कृत्रिम दात) विभागांतही कृत्रिम डोळे बनवतात, आणि आपल्याकडे नेरुळला डेंटल कॉलेजं आहेत. दातांच्या विभागाचं नाव ऐकून लोक बिचकतात, पण माप घ्यायची पेस्ट, मेणाचा साचा, अ‍ॅक्रिलिक शिजवणं हे सगळं त्यांच्या रोजच्या हातातलं काम आहे.

घोडबंदर_वाचक
दातांच्या डॉक्टरांचा विषय निघालाच आहे तर मावशींच्या काचेबद्दल लिहितो. त्यांची भीती अगदीच निराधार नाही, कारण एके काळी डोळे खरोखर काचेचेच असायचे. जर्मनीतलं लाउशा हे गाव काचकामासाठी प्रसिद्ध. तिथे 1835 पासून माणसांसाठी काचेचे डोळे बनवायला लागले आणि जगभर तिथूनच जायचे. ते वजनाला हलके पण नाजूक. हातातून बेसिनमध्ये पडले की संपले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन काच मिळेनाशी झाली आणि इकडे डोळे गमावलेल्या सैनिकांच्या रांगा. तेव्हा अमेरिकन लष्करातल्या दंतवैद्यांनी कवळीसाठी वापरतात त्या अ‍ॅक्रिलिकचे डोळे करून पाहिले आणि ते जमलं. आज आपल्याकडे बसवतात ते बहुतेक सगळे त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे. आत फुटायची भीती त्यामुळे मनातून काढून टाका. लोक अजून 'काचेचा डोळा'च म्हणतात, चालायचंच.

आणखी एक. इराणमध्ये शहर-ए-सोख्ता नावाच्या प्राचीन वस्तीच्या उत्खननात एका स्त्रीच्या खोबणीत कृत्रिम डोळा सापडला. जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वीचा, वर सोन्याच्या बारीक तारांची नक्षी. भावाला सांगा, तो एकटा नाही. फार जुनी परंपरा आहे ही.

खारघरची_आई
मी सहसा इथे लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही. माझ्या मुलीचा डावा डोळा ती दोन वर्षांची असताना काढावा लागला. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याचा कॅन्सर. मोबाइलच्या फ्लॅशने काढलेल्या फोटोंत एका डोळ्यात लाल ठिपका दिसायचा आणि दुसऱ्यात पांढरी चमक. घरातले म्हणाले, फोटो खराब आलाय. माझ्या जावेने हट्टाने आम्हाला डॉक्टरकडे पाठवलं. पुढचे उपचार परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये झाले.

ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवा. बाहुलीत पांढरी चमक किंवा नव्याने आलेला तिरळेपणा दिसला तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. हा आजार बहुतेक पाच वर्षांच्या आतल्या मुलांत होतो आणि लवकर सापडला तर मूल वाचतं. पुष्कळदा डोळाही वाचतो.

लहान मुलांचा कृत्रिम डोळा वाढत्या वयाबरोबर बदलत राहावा लागतो, नाहीतर त्या बाजूचा चेहरा मागे पडतो. आमच्याकडे जुने डोळे एका डबीत आहेत. मुलगी शाळेत सगळ्यांना सांगून मोकळी झालीय. वर्गातली मुलं चार दिवस बघत राहिली, मग विसरली. किसननगर दादा, तुमच्या भावालाही लोक विचारतील. कोणाला सांगायचं आणि कोणाला नाही हे त्यानेच ठरवू दे. त्याच्या वतीने तुम्ही लपवालपवी करू नका.

कळवा_युनियन
सगळे डोळ्याबद्दल लिहितायत. मी पैशाबद्दल लिहितो, कारण नंतर कोणी विचारत नाही.

अपघात कामावर झालाय. भावाचं ईएसआयचं (सरकारी कामगार विम्याचं) कार्ड होतं का? पगार महिना 21,000 च्या आत असेल आणि कारखाना ईएसआयखाली येत असेल, तर उपचार आणि कायमच्या अपंगत्वाचा लाभ तिथून मिळतो. ईएसआय लागू नसेल तर मालकाकडून नुकसानभरपाई. 1923 च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत स्पष्ट लिहिलेलं होतं : दुसरा डोळा चांगला असताना एक डोळा गमावला तर कमाईच्या क्षमतेत 40 टक्के घट धरायची. डोळा जागेवर आहे आणि फक्त नजर गेली, तर 30 टक्के. हे कायदे आता सामाजिक सुरक्षा संहितेत एकत्र केलेत, तेव्हा दावा करताना कामगार कार्यालयात विचारून घ्या.

अपंगत्वाचा दाखला, म्हणजे यूडीआयडी कार्ड, ही वेगळी गोष्ट आहे. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तर तिथे 30 टक्के धरतात. आरक्षणाला 40 लागतात, म्हणून नोकरीतली राखीव जागा मिळणार नाही. लोक हे दोन आकडे एकत्र करतात आणि मग दोन्ही कचेऱ्यांत भांडतात.

आणि कागद आत्ताच गोळा करा. पहिल्या दिवसाचा केसपेपर, त्यावर 'कामावर असताना इजा' असं लिहिलंय का ते बघा. बरोबर काम करणाऱ्यांची नावं लिहून ठेवा. मालक गोड बोलून दहा-वीस हजारांवर कोऱ्या कागदावर सही मागेल. देऊ नका.

किसननगर_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला सांगितलं. रडली, पण आता शांत आहे. कार्ड नव्हतं, कळवा_युनियन, तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय.

एक प्रश्न राहिला. भाऊ म्हणतो, डोळा दुखत असला तरी असू दे, काढू नका. आणि डॉक्टर म्हणाले की दुसऱ्या डोळ्यालाही धोका असू शकतो. हे खरं आहे का? त्याचा डावा डोळा तर पूर्ण चांगला आहे.

वाशी_ऑप्टोम
खरं आहे, पण क्वचित घडतं. एका डोळ्याला खोल, आरपार इजा झाली की कधी कधी शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा दोन्ही डोळ्यांवर उलटते आणि चांगल्या डोळ्याला सूज येते. इजेनंतर काही आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी त्याहून उशिराही. लुई ब्रेल तीन वर्षांचे असताना वडिलांच्या कारखान्यात आरी लागून त्यांचा एक डोळा गेला आणि पाचव्या वर्षापर्यंत दुसराही गेला. ते याच कारणाने, असं मानलं जातं. आज औषधं आहेत, तरी डाव्या डोळ्यात लाली, उजेड सहन न होणं किंवा धूसरपणा आला तर त्याच दिवशी दाखवा. डोळा काढल्यावरही हे लक्षात ठेवायचं.

ठणकणारा, नजर गेलेला डोळा ठेवून मिळत काही नाही. काढल्यावर बहुतेकांना पहिल्यांदा शांत झोप लागते. पण निर्णय त्याचा आहे. डॉक्टरांशी त्याला एकट्याने बोलू द्या, घरचे चार जण भोवती नकोत. आणि आक्रसलेला डोळा दुखत नसेल तर न काढताही त्यावर पातळ शेल बसवता येतो. तुमच्या केसमध्ये ते शक्य आहे का, हे एकदा विचारा म्हणजे त्याच्या मनात शंका राहणार नाही.

एका_डोळ्याचा_ठाणेकर
भावाला हे वाचून दाखवा. मीही असाच, विटीदांडूत गेला.

पहिले काही महिने चहा कपाबाहेर जाईल. जिन्याची शेवटची पायरी आहे की नाही कळणार नाही. ठाणे स्टेशनात गर्दीत त्या बाजूने धक्के बसतील, लोक चिडतील. हे सगळं कमी होतं. अंतराचा अंदाज मेंदू दुसऱ्या खुणांवरून घ्यायला शिकतो : सावली, वस्तूचा लहानमोठेपणा, मान हलवल्यावर काय किती सरकतं. ओतताना किटलीचं तोंड कपाच्या कडेला टेकवायचं. रस्ता ओलांडताना मान पूर्ण वळवायची, नुसती नजर नाही. ट्रेनमध्ये आणि हॉटेलात गेलेल्या डोळ्याची बाजू भिंतीकडे येईल असं बसायचं, म्हणजे सगळी माणसं चांगल्या बाजूला येतात.

मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची नजर 1961 च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये मोटार अपघातात गेली. पहिली कसोटी ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये खेळले, पुढच्या मार्चमध्ये भारताचे कर्णधार झाले. सगळ्या 46 कसोट्या त्या अपघातानंतरच्या. वेगवान चेंडूचं अंतर एका डोळ्याने मोजत होते. तुमचा भाऊ ग्राइंडर सोडेल, पण काम सोडायची गरज नाही. त्याला बोलायचं असेल तर व्यनि करा, मी चरईत राहतो, संध्याकाळी तलावपाळीला भेटू.

किसननगर_ठाणे
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. ऑपरेशन झालं, बॉल बसवला, आणि मागच्या आठवड्यात डोळाही मिळाला.

बनवताना मी शेजारी बसून होतो. आधी दातांचं माप घेतात तीच पेस्ट पापणीखाली भरून खोबणीचं माप घेतलं. त्यावरून मेणाचा डोळा केला, तो घालून पापणी किती उघडते ते पाहिलं, खरवडला, परत घातला. रंगवणाऱ्या ताईंनी भावाला खिडकीपाशी बसवलं, ट्यूबलाइट बंद केली. बुबुळ एकाच तपकिरी रंगाचं नसतं हे मला त्या दिवशी कळलं. बाहेर गडद कडा, मध्ये मधाळ पिवळसर रेषा, बाहुलीभोवती अजून एक फिकट वळं. एक एक रेषा काढायच्या आणि भावाच्या डाव्या डोळ्याकडे बघायच्या. मग पांढऱ्या भागावर लाल रेशमाच्या धाग्याचे तंतू सोडवून चिमट्याने चिकटवले, शिरा म्हणून. त्याच्या डोळ्याला धुळीने जरा पिवळट झाक आहे, तीही त्यांनी दिली. पांढराशुभ्र केला तर खोटा दिसेल, म्हणाल्या. वरून पारदर्शक थर आणि पॉलिश.

भाऊ एका_डोळ्याच्या_ठाणेकरांना दोनदा भेटून आला. ते काय बोलले ते आम्हाला सांगत नाही, पण दाढी करायला लागलाय.

नौपाडा_काकू
बरं वाटलं रे वाचून. आता सवयी लावून घ्या. रोज काढायचा नाही. सारखं काढघाल केली की आतली त्वचा चिडते. रात्री घालूनच झोपायचं. डॉक्टर सांगतील तेव्हाच काढायचा, आधी हात स्वच्छ धुवायचे, बेसिनमध्ये जाड टॉवेल अंथरायचा. साधा सौम्य साबण आणि पाणी. स्पिरिट, सॅनिटायझर, उकळतं पाणी अजिबात नको, प्लॅस्टिक खराब होतं. डोळा पुसताना नाकाच्या दिशेने पुसायचं, बाहेरच्या दिशेने पुसलं तर फिरतो किंवा निघतो. ह्यांचा एकदा लग्नाच्या पंगतीत फिरला होता.

ऐरोली_सेक्टर8
धागा वर काढतोय. माझ्या वडिलांचा कृत्रिम डोळा पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. कधी बदलला नाही. हल्ली सारखा चिकटा येतो आणि वरची पापणी खाली आलीय. ते म्हणतात, आता वय झालं, काय करायचंय. दाखवावं का?

वाशी_ऑप्टोम
दाखवा, आणि लवकर. अ‍ॅक्रिलिकवर बारीक चरे पडतात, त्यात अश्रूंतली प्रथिनं साचतात आणि आतली त्वचा चिडते. म्हणून वर्षातून एकदा पॉलिश आणि साधारण पाच वर्षांनी नवा डोळा असं आम्ही सांगतो. इतक्या वर्षांत खोबणीचा आकारही बदललेला असतो, पापणी खाली येण्याचं ते एक कारण असू शकतं. पुष्कळदा नुसत्या पॉलिशने चिकटा कमी होतो, तेव्हा खर्चाच्या भीतीने थांबू नका. चिकट्यात रक्त दिसलं किंवा वास आला तर आधी डोळ्यांचे डॉक्टर, मग डोळा बनवणारे.

आणि त्यांच्या चांगल्या डोळ्याचीही तपासणी करून घ्या, साखर आणि काचबिंदूसकट. घराबाहेर पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा, नंबर नसला तरी. किसननगर, हे तुमच्या भावालाही लागू. त्याने तो चष्मा केला का?

किसननगर_ठाणे
ऑर्डर दिलाय. शनिवारी मिळेल. नवीन काम पॅकिंगचं आहे, तरी तिथेही घालणार म्हणतोय.